पेडल घट्ट होईपर्यंत

सिग्नलला गाडी थांबवताना पुढच्या डाव्या चाकातून शिट्टी आली. बारीक, एकसुरी, केटलीतल्या पाण्याला आधण येताना येते तशी. ब्रेकवरचा पाय उचलला, शिट्टी बंद. पुन्हा ठेवला, पुन्हा सुरू. शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाने आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी करतात तसा चेहरा केला. दिवा हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला, तरी मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसूनच राहिले. ही शिट्टी मला माहीत होती. आयुष्यात कधी ऐकली नव्हती, पण तिच्याबद्दल मला सांगून ठेवलेलं होतं. ब्रेकच्या पॅडला एक पत्र्याची जीभ असते, नवरा म्हणाला होता; पॅड झिजत झिजत अगदी पातळ झाला की ती जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला टेकते आणि बोंब मारायला लागते. माणसाला कळावं म्हणून केलेली सोय आहे ती. आणि मग हात पुसता पुसता म्हणाला होता, "आपल्या गाडीची शिट्टी मात्र तुला कधी ऐकू यायची नाही. तशी वेळ मी येऊच देणार नाही." हे सांगितल्यालाही दहा-बारा वर्षं झाली असतील. तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, मोबाइलमध्ये काहीतरी बघत होते. आता भर चौकात, पन्नास माणसांसमोर, चाकाने ओरडून सांगितलं होतं की तो इथे नाही. मला ते ठाऊक होतं. तीन वर्षं रोज सकाळी उठल्यावर ठाऊक होतं. पण असं बाहेरून, लोखंडाच्या तोंडून कुणी सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलपर्यंत मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो हात न लावता, म्हणजे पाय न लावता, रांगत नेली. हॉस्पिटल टेकडीवर आहे. रोज सकाळी चढायचं, संध्याकाळी उतरायचं, आणि उतारावरच सगळे ब्रेक खर्ची पडतात. मी तिथे एक्स-रे काढते. गेली सव्वीस वर्षं काचेआड उभी राहून मी माणसांना तीनच गोष्टी सांगत आले आहे: श्वास घ्या, रोखा, सोडा. माणसं निमूट ऐकतात. मोठमोठ्या आवाजात बोलणारे, नाकावर माशी बसू न देणारे लोकसुद्धा त्या थंड पाटीला छाती लावली की माझ्या एका शब्दासाठी श्वास धरून उभे राहतात. घरी गेल्यावर मात्र माझ्याजवळ शब्द उरत नसत. तो एकदा म्हणाला होता, "तुझं सगळं बोलणं तिथेच संपतं. घरी येतो तो नुसता एप्रन." त्याने ते हसत म्हटलं होतं आणि मीही हसले होते. त्या शिट्टीच्या दिवशी पहिल्याच पेशंटला मी "रोखा" म्हटलं आणि "सोडा" म्हणायचं विसरले. म्हातारा बिचारा लाल होईपर्यंत श्वास धरून उभा. शेवटी त्यानेच विचारलं, "बाई, सोडू का आता?"

विसरण्याचं कारण नुसती शिट्टी नव्हती. त्याआधी आठ दिवस त्याचा निरोप आला होता, फोनवर, तीन ओळींचा. "इथली बदली कायमची करतायत. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सही करायचीय. तुला काही म्हणायचंय का?" मी तो एक्स-रेच्या खोलीत वाचला आणि फोन एप्रनच्या खिशात टाकला, आणि मग दिवसातून वीस वेळा काढून पुन्हा वाचला. उत्तर दिलं नाही. म्हणायचं नव्हतं असं नाही. इतकं म्हणायचं होतं की कुठून धरावं ते कळेना. तो बस डेपोत मेकॅनिक आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला इथून आठ तासांवरच्या बंदरातल्या डेपोत सहा महिन्यांसाठी जाता का म्हणून विचारलं होतं. त्या विचारणेचा कागद त्याच्या शर्टाच्या खिशात तीन आठवडे घड्या पडत होता. मी विचारलं की म्हणायचा, बघू. आमच्यात भांडण म्हणावं असं काही नव्हतं. मुलीचं लग्न होऊन ती गेल्यावर घरात एक शांतता मुरली होती, आणि आम्ही दोघेही तिला सरकून जागा देत गेलो होतो. मग एका मंगळवारी, सोळा तारखेला, सकाळी सकाळी गॅसची शेगडी पुसण्यावरून माझं डोकं फिरलं. शेगडी मीच खराब केली होती, हे आजही आठवतं. मी म्हटलं, "तिकडे जायचंय ना तुला? मग जा एकदाचा." तो गेला. बॅग भरली, खाली उतरला, आणि बसस्टॉपकडे न जाता गाडीजवळ थांबला. चारही चाकांची हवा बघितली. मग मागचं दार उघडून, गुडघ्यावर बसून, आणखी काहीतरी करत राहिला. मी खिडकीत उभी होते. मला वाटलं, बघा, बायकोला सोडून चाललाय आणि माया कुणाची, तर गाडीची. अर्ध्या तासाने तो गेला. सहा महिन्यांचे बारा झाले, बाराचे छत्तीस. तो दिवाळखोर नाही, बदफैली नाही, मुलीला दर आठवड्याला फोन करतो, मलाही करतो, "हं, बरं आहे ना सगळं?" एवढं विचारण्यापुरता. आणि मी तीन वर्षं माझ्या त्या एका वाक्याला मनात घासत बसले आहे. मी "जा" म्हटलं म्हणून तो गेला. यात दुःख होतं, पण खरं सांगायचं तर आधारही होता. रागाने गेलेला माणूस राग उतरला की परत येतो. इतकी वर्षं मी त्याचा राग उतरण्याची वाट बघत होते.

मुलीला फोनवर शिट्टीचं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, गॅरेजला टाक ना. एका तासाचं काम." मी म्हटलं, मी करणार. "तू?" म्हणाली, आणि मग एकदम गंभीर झाली. "आई, तू बाबाला फोन कर. गाडीसाठी नाही म्हणत मी." मी विषय बदलला. तिला कसं सांगू? गॅरेजला गाडी टाकली की कुणीतरी अनोळखी माणूस चाक काढणार, नवऱ्याच्या हाताने बसवलेले पॅड उपसून काढणार आणि कोपऱ्यातल्या डब्यात फेकून देणार, ठण्ण करून. या घरात त्याच्या हातची अशी किती कामं उरली होती? नळाचे वॉशर गेले, दाराची बिजागरी मी गेल्या वर्षी बदलून घेतली, त्याने लावलेले दिवे एकेक करून विझले. चालू असलेलं, रोज माझ्या पायाखाली काम करत असलेलं असं तेवढंच राहिलं होतं. काढायचेच असतील तर ते मीच काढणार होते. वेड्यासारखं आहे, पण तसंच होतं.

रविवारी सकाळी मी माळ्यावरून त्याची हत्यारांची पेटी खाली काढली. पेटी उघडल्यावर जो वास आला तो सांगता येणार नाही, आणि सांगणारही नाही. सगळं जिथल्या तिथे. पाने आकाराप्रमाणे कापडात गुंडाळलेले, घट्ट दाबायच्या सी-क्लॅम्पला तेलाचा पुसट हात, चाकांना लावायच्या दोन लाकडी पाचरी, पिवळ्या रंगाचं जाड पेन. तळाशी वर्तमानपत्रात बांधलेला एक संच जुन्या पॅडचा होता. उघडून पाहिला तर प्रत्येकाची निम्मी जाडी शाबूत होती. असले धडधाकट पॅड त्याने का काढून ठेवले असतील, असा विचार आला आणि गेला. माणूस सांभाळून ठेवणारा, ठेवले असतील. नवा संच मी शुक्रवारीच आणला होता. दुकानदाराने "साहेबांना सांगा, दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे" असं बजावलं होतं, आणि मी "सांगते" म्हटलं होतं.

खाली सपाट जागेत गाडी घेतली, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पाचरी लावल्या. पहिल्या मजल्यावरचे मास्तर, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी शिकवायची सवय न गेलेले, बाल्कनीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपर खाली केला. "ताई, पंक्चर?" मी म्हटलं, ब्रेक. "अहो, ब्रेकशी खेळू नका," ते म्हणाले, आणि पुढचे दोन तास पेपरचं एकही पान उलटलं नाही. चाकाचे नट मी गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त वीस वर्षं ड्रायव्हरच्या सीटवर बसून उघड्या दारातून पाहिलं होतं, आणि पाहताना मला वाटत होतं की मी काही पाहत नाही. मग जॅक, आणि जॅकने गाडी उचलल्याबरोबर तिच्याखाली लोखंडी स्टँड. यावर तो कुणाचंही ऐकून घेत नसे. "जॅक उचलतो, धरत नाही," म्हणायचा. "धरायला वेगळं काहीतरी लागतं." डेपोत त्याच्या उमेदीच्या काळात जॅक सरकून एकाचा हात गेला होता. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नव्हता, आणि मला वाटतं, त्याने मला ती गोष्ट सांगितली तेव्हाही मी काहीतरी दुसरंच करत होते. काढलेलं चाक मी त्याच्यासारखंच आडवं करून गाडीखाली सरकवलं. स्टँड सरकला तरी गाडी चाकावर पडेल, माझ्यावर नाही.

चाकाआडचं ते जग मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. चकचकीत डिस्क, तिला मिठीत धरलेला पॅडचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, सगळ्यावर काळी मऊ धूळ. धूळ फुंकरायची नाही, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसायची. हे मात्र त्याने मला शिकवायची गरज नव्हती, उलट मीच त्याला तोंडावर फडकं बांधायला लावायचे. न दिसणाऱ्या गोष्टींपासून माणसांना वाचवायचं हा माझाच धंदा आहे. खालचा बोल्ट निघायला तयार नव्हता. मी पान्यावर सगळं वजन टाकलं तेव्हा तो एकदम सुटला आणि माझी बोटं सोलपटली. वरून मास्तर म्हणाले, "हळद लावा." कॅलिपर वर उचलून तारेने बांधला, कारण तो ऑइलच्या नळीवर लोंबता ठेवायचा नसतो, आणि मग जुने पॅड बोटांनी ओढले. ते अगदी सहज हातात आले. मी खिशातून पट्टी काढली, फिल्मवर माप घ्यायची पारदर्शक पट्टी. दोन मिलिमीटर. नवा पॅड शेजारी धरला, तो अकरा. मधले नऊ मिलिमीटर म्हणजे तीन वर्षं. टेकडीवरून एकटीने उतरलेली प्रत्येक संध्याकाळ त्यात होती, रस्त्यात आडव्या आलेल्या कुत्र्यासाठी दाबलेला ब्रेक होता, मुलीला सोडून स्टेशनवरून परतताना समोरचं धूसर झालं म्हणून कडेला घेतलेली गाडी होती. जाताना त्याने मला अकरा मिलिमीटर देऊन ठेवले होते आणि मी ते पुरवून पुरवून वापरले होते.

पॅड उलटा करून मी फडक्याने त्याची लोखंडी पाठ पुसली. तिथे पिवळी अक्षरं असणार हे मला माहीत होतं. डेपोतली सवय. बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर, बॅटरीवर, फिल्टरवर, तो तारीख आणि किलोमीटर लिहायचा. काजळीखालून त्याचं अक्षर वर आलं, त्याचा तो मागे पडल्यासारखा झुकलेला चार. चौदा तारीख. महिना, वर्ष. मी आधी नुसतीच त्याचं अक्षर बघत राहिले, तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि मग तारीख वाचली. चौदा. तो गेला सोळाला, मंगळवारी. म्हणजे हा रविवार. त्या रविवारी माझी ड्युटी होती, मी दिवसभर हॉस्पिटलात होते, गाडी घरी होती. आणि त्याआधीचे पॅड त्याने जेमतेम वर्षभरापूर्वी बदलले होते. तेव्हा नेहमीसारखी सीटवर बसून ब्रेकचं पेडल मीच दाबलं होतं, माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. पेटीतले ते निम्मे शाबूत पॅड. निम्मा जीव शिल्लक असलेले पॅड काढून त्याने नवे घातले होते, मला न सांगता, माझ्या मागे, गेल्यावर मला जास्तीत जास्त दिवस पुरावेत म्हणून. मी तिथेच फरशीवर बसले. शेगडीवरून मी बोलले ते मंगळवारी. माझ्या "जा"च्या दोन दिवस आधीच तो मनाने निघाला होता. तीन वर्षांचं ओझं एका तारखेने खाली उतरवलं आणि मला काही हलकं वाटलं नाही. उलट पायाखालची एक पायरीच काढून घेतल्यासारखं झालं. रागावलेला माणूस परत येतो. ठरवून, ब्रेक बदलून गेलेला माणूस कशाला येईल? आणि तरी त्याच क्षणी हेही कळत होतं की कुणावर जीव नसेल तर कुणी असं करत नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना जागा देईनात. "ताई, काही मोडलं का?" मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, बसलेय जरा.

हात मात्र काम करत राहिले. त्यांना काय. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलं, भोवती फडकं गुंडाळलं, जुना पॅड मधे धरून क्लॅम्पने पॅडला ढकलणारा पिस्टन हळूहळू मागे बसवला. नव्या पॅडच्या पाठीवर पिवळ्या पेनाने आजची तारीख लिहिली आणि किलोमीटर लिहिले. माझा चार सरळ उभा असतो. पॅड बसवले, बोल्ट आवळला, चाक चढवलं, समोरासमोरचे नट आलटून पालटून. मग उजवं चाक. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे काही चुकल्यासारखं वाटलं तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं, हेही त्याचंच. उजवीकडचे जुने पॅड काढून झाले, तिथेही चौदा तारीख, मी ती वाचली नाही, म्हणजे वाचली. क्लॅम्पचा दांडा आतल्या पत्र्याला अडत होता. स्टिअरिंग थोडं वळवलं असतं तर जागा झाली असती, म्हणून मी उठून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आणि बसल्याबरोबर माझा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला. वीस वर्षं या कामात माझी जागा हीच होती. खाली चाकाशी तो, वर पेडलपाशी मी. पायाला बाकी काही माहीतच नव्हतं. कॅलिपर उघडा, पॅड काढलेले, पिस्टनसमोर अडवायला काही नाही; दाबलं असतं तर पिस्टन बाहेर निसटला असता आणि सगळं ऑइल जमिनीवर आलं असतं, गाडी तिथेच पडून राहिली असती. पाय पेडलवर टेकलेला, आणि मी थांबले होते. कशाने थांबले? तर कुणी "दाब" म्हटलं नव्हतं. त्याने म्हटल्याशिवाय मी कधी दाबलं नव्हतं. मी पाय अलगद उचलून घेतला, दोन्ही हातांनी गुडघा धरून, आणि तशीच बसले. मला तो हवा होता. बोलायला, समजावून घ्यायला वगैरे नाही. तिथे खाली, चाकाशी, नुसती पाठ दिसेल असा.

दुसरी बाजू पुरी व्हायला बारा वाजले. गाडी खाली घेतली, नट शेवटचे आवळले, डबीचं झाकण लावलं, ऑइलची रेघ पाहिली. आता फक्त पेडल राहिलं होतं. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा दाबलं की पेडल थेट खाली जातं. ते न करता गाडी हलवली तर पहिल्या वळणावर ब्रेकच नसतात. हे काम आम्ही दोघांनी करायचं असायचं. तो खालून हाक मारायचा, "येतेस का? पेडलला माणूस लागतं." मी हातातलं टाकून, कधी कुरकुरत, जिने उतरून यायचे आणि सीटवर बसायचे. "दाब," तो म्हणायचा. "सोड. दाब. सोड." दिवसभर मी लोकांना सांगायचे, तेवढा अर्धा तास कुणीतरी मला सांगायचं, आणि मला बाकी काही ठरवायचं नसायचं. त्यानंतर कधी इतकं स्वस्थ वाटलं नाही मला. आता मी दार उघडं ठेवून सीटवर बसले आणि दाबलं. पेडल फरशीपर्यंत गेलं. सोडलं. पुन्हा दाबलं, अर्ध्यावर अडलं. तिसऱ्यांदा वर. चौथ्यांदा पेडल पायाखाली पक्कं उभं राहिलं. पाचव्यांदा खात्रीसाठी. झालं.

मी तशीच बसले. एकटीने झालं होतं. खाली कुणी नव्हतं, हाक मारायला कुणी नव्हतं, आणि पेडल घट्ट झालं होतं. ब्रेक ऑइल बदलताना दोन माणसं लागतात हे खरं. एकाने दाबायचं, एकाने खाली बोल्ट सोडायचा. पण पॅडला? पॅडला कुणी लागत नाही. सीटवर बसायचं आणि आपल्याच पायाने पाच वेळा दाबायचं. हे त्याला, ज्याने डेपोत शेकडो बसचे ब्रेक एकट्याने केले होते, माहीत नव्हतं? चौदा तारखेला, मी घरी नसताना, त्याने स्वतःच बसून दाबलं असणार. म्हणजे ती वीस वर्षं. दर वेळी तो खालून हाक मारायचा, पेडलला माणूस लागतं, आणि मी कुरकुरत उतरायचे, आणि एकदाही मला वाटलं नाही की या माणसाला पेडलसाठी माणूस नकोय. मास्तर बाल्कनीतून विचारत होते, "झालं ना, ताई?" मी म्हटलं, "नाही. थोडं राहिलंय." आणि फोन काढला.

"हं," तो म्हणाला. मागे कुठेतरी बोटीचा भोंगा वाजत होता.

"पॅड बदलले," मी म्हटलं.

"कुठल्या गॅरेजला?"

"मी बदलले."

त्याने भोंगा थांबू दिला. मग म्हणाला, "स्टँड लावला होतास?"

"लावला. चाकपण खाली सरकवलं होतं."

"कॅलिपर लोंबता नाही ना ठेवलास?"

"तारेने बांधला."

"नट?"

"समोरासमोरचे. गाडी खाली घेतल्यावर परत आवळले."

"मग मला काय शिल्लक ठेवलंस?" तो म्हणाला. आवाजात हसू होतं, आणि त्याच्याखाली दुसरं काहीतरी.

"पॅडच्या मागे चौदा तारीख लिहिलीय."

मी ऐकू येईल एवढा श्वास घेतला आणि रोखून धरला.

"हो," तो म्हणाला.

"मी धरून चालले होते, मी मंगळवारी 'जा' म्हटलं म्हणून तू गेलास. आणि तू तर रविवारीच ठरवलं होतंस."

"रविवारी पॅड बदलले. जायचं झालंच तर गाडी नीट असावी, एवढंच ठरवलं होतं. बाकी काही नाही." तो थांबला. "मंगळवारी चार चाकांची हवा बघितली मी. मग मागे जाऊन स्टेपनीची बघितली. घरातून निघालेला माणूस स्टेपनीची हवा बघत बसतो का कधी?"

"मी खिडकीत होते."

"माहीत होतं. म्हणून तर स्टेपनी."

त्या सकाळचा अर्धा तास मी इतक्या वेळा पाहिला होता, पण वरूनच. खालून तो कसा दिसत होता हे मला आज कळत होतं. खिडकी उघडायला एक हात लागला असता.

"उद्या सही ना?" मी विचारलं.

"अकराला." मग अगदी हळू, "तू काही कळवलं नाहीस."

"पेडल खाली जातंय," मी म्हटलं. "पार खाली. म्हणून फोन केला."

मला वाटलं, आता तो विचारेल, ऑइल बघितलंस का, कुठे गळतंय का. विचारलं नाही. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, तो नीट बसल्याचा.

"दाब," तो म्हणाला.

मी पेडल दाबलं. ते जागचं हललं नाही.

"सोड. दाब. सोड." तोच आवाज, तेवढीच गती, मधे तेवढीच जागा. पाठ दिसत नव्हती एवढंच. मी डोळे मिटले. "दाब. सोड. दाब." दहा झाले असतील, मग पंधरा. एवढ्यात तर बसचंही पेडल उभं राहिलं असतं. "सोड," तो म्हणाला आणि थांबला. "घट्ट झालं का?"

पाय त्या पक्क्या पेडलवर ठेवून मी म्हटलं, "अजून नाही."

"असं?" तो म्हणाला. त्याचा श्वास ऐकू येत होता. "मग हे फोनवर व्हायचं नाही. येऊन बघावं लागेल मला."

"आणि सही?"

"ती कुठे पळून चाललीय. ब्रेकचं काम अर्धवट टाकून चालत नाही." आणि मग, मी काही बोलायच्या आत, त्याच जुन्या आवाजात, "दाब."

मी दाबलं.